‘स५यषाव’ हे गाव आलं कुठून? सी मधलं केस बदलणं आणि संशोधनातल्या गावांच्या याद्या

सी शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी सोडवलेला असतो. दिलेल्या स्ट्रिंगमधली सगळी अक्षरं कॅपिटल करा, किंवा सगळी स्मॉल करा. जर्नलमध्ये एक पान, व्हायव्हात एक प्रश्न, की विषय संपला. पण संशोधनाला लागलात की हाच प्रश्न वेगळ्या नावाने परत समोर येतो. तेव्हा त्याला कोणी ‘केस कन्व्हर्जन’ म्हणत नाही. तेव्हा तो असतो ‘दोन याद्या एकमेकींना जोडणं’.

समजा, तुमचा विषय सोयगाव तालुक्यातल्या कापूस उत्पादकांचा आहे. एक तक्ता जनगणनेचा, इंग्रजीत. दुसरा तुम्ही स्वतः गावोगाव फिरून भरलेला. तिसरा कुठल्या तरी कार्यालयातून मिळालेला, मराठीत. तिन्हीत समान गोष्ट एकच, गावाचं नाव. त्या नावावरून ओळी जोडायच्या आहेत. एका तक्त्यात नाव पूर्ण कॅपिटलमध्ये आहे, दुसऱ्यात फक्त पहिलं अक्षर कॅपिटल आहे. माणसाला ही दोन्ही नावं एकच दिसतात, सी ला दिसत नाहीत. दोन स्ट्रिंगा तुलना करून पाहणारं फंक्शन सांगतं, ‘वेगळ्या आहेत’, आणि ते गाव तुमच्या विश्लेषणातून गळून जातं. गळालेलं गाव ओरडून सांगत नाही की मी गळालो. सरासरी निघते, आलेख निघतो, प्रकरण लिहून होतं.

म्हणून हा लेख. केस कशी बदलायची हे तर पाहूच, पण ती कुठे बदलायची नाही हे जास्त नीट पाहू.

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो

सी मध्ये ‘कॅर’ हा प्रकार म्हणजे एक छोटा पूर्णांक. ॲस्की संकेतात कॅपिटल ए म्हणजे ६५, कॅपिटल बी म्हणजे ६६, असं करत झेड ९० वर संपतो. स्मॉल ए ९७ पासून सुरू होतो आणि स्मॉल झेड १२२ वर संपतो. कुठलीही जोडी घ्या, फरक ३२ चाच. कॅपिटल एस ८३, स्मॉल एस ११५. वजाबाकी करून बघा.

हा ३२ योगायोगाने आलेला नाही. ॲस्कीच्या १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरं नव्हतीच. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती आली, ती बरोबर ३२ घरं पुढे. त्यामुळे द्विमान पद्धतीत कॅपिटल आणि स्मॉल यांच्यात एकाच बिटाचा फरक उरतो. ६५ म्हणजे ६४ अधिक १, ९७ म्हणजे ६४ अधिक ३२ अधिक १. बत्तिसाच्या किमतीचा बिट बंद असेल तर कॅपिटल, चालू असेल तर स्मॉल. विजेच्या बटणासारखं.

यातून केस बदलायच्या तीन रीती निघतात.

पहिली, बेरीज-वजाबाकीची. आकडा ६५ ते ९० च्या दरम्यान असेल तर त्यात ३२ मिळवा, अक्षर स्मॉल होतं. ९७ ते १२२ च्या दरम्यान असेल तर ३२ वजा करा, कॅपिटल होतं. यात ‘असेल तर’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, हे लक्षात ठेवा.

दुसरी, बिटाची. स्मॉल करायचं तर ३२ बरोबर ‘ऑर’ करा, म्हणजे तो बिट चालू होतो. कॅपिटल करायचं तर २२३ बरोबर ‘अँड’ करा, म्हणजे तो बिट बंद होतो. ही रीत वेगवान वाटते आणि दिसायलाही हुशार दिसते. इंटरनेटवरच्या उत्तरांत ती खूप आढळते, आणि बऱ्याचदा ‘असेल तर’ गाळून.

तिसरी, लायब्ररीची. ‘सीटाइप’ हेडरमधली ‘टूलोअर’ आणि ‘टूअप्पर’ ही फंक्शनं. एक अक्षर द्या, बदललेलं अक्षर परत मिळतं. बदलण्यासारखं नसेल तर जसंच्या तसं परत येतं.

पहिल्या दोन रीती ॲस्कीवर उभ्या आहेत. सी चं प्रमाण मात्र असं वचन देत नाही की ए ते झेड सलग असतील. शून्य ते नऊ हे अंक सलग असतील, एवढंच वचन आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एब्सिडिक संकेतात आय आणि जे यांच्यामध्ये मोकळी घरं आहेत, आणि कॅपिटल-स्मॉलमधला फरक ३२ नसून ६४ आहे. तुम्ही तसं यंत्र कधी वापरणार नाही, हे खरं. पण व्हायव्हात ‘लायब्ररीचं फंक्शन का वापरलंत?’ असं विचारलं, तर हे एक नेमकं उत्तर आहे.

स्ट्रिंग बदलायची म्हणजे काय करायचं

सी मध्ये स्ट्रिंग म्हणजे कॅरची रांग आणि शेवटी एक शून्य. प्रमाण सी मध्ये पूर्ण स्ट्रिंगची केस बदलणारं फंक्शन नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं टर्बो सी वर प्रॅक्टिकल झाली, त्यामुळे ‘एसटीआर-एलडब्ल्यूआर’ आणि ‘एसटीआर-यूपीआर’ ही फंक्शनं सगळ्यांना पाठ असतात. ती प्रमाणाचा भाग नाहीत. लिनक्सवर जीसीसी ने तोच प्रोग्रॅम बांधायला गेलात तर लिंकर सांगतो की असं फंक्शन सापडत नाही. तेव्हा लूप स्वतः लिहायचा:

१. रांगेच्या पहिल्या घरापासून सुरुवात करा.
२. घरात शून्य असेल तर थांबा.
३. नसेल तर त्या घरातली किंमत आधी ‘अनसाइन्ड कॅर’ मध्ये बदला, मग ‘टूलोअर’ला द्या.
४. आलेलं उत्तर त्याच घरात परत ठेवा आणि पुढच्या घरावर जा.

चार पायऱ्या. तिसरीतला ‘अनसाइन्ड’ कशासाठी, ते थोड्या वेळाने येतंच.

एक खड्डा इथेच दाखवून ठेवतो. अवतरण चिन्हांत लिहिलेल्या स्ट्रिंगला नुसता पॉइंटर लावलात आणि ती बदलायला गेलात, तर सी चं प्रमाण म्हणतं की पुढे काय होईल ते अनिश्चित. टर्बो सी मध्ये हे निमूट चालून जातं. लिनक्सवर प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून पडतो, कारण ती जागा फक्त वाचण्यासाठी असते. बदलायची स्ट्रिंग ॲरेमध्ये ठेवा, म्हणजे तुमच्या मालकीची प्रत असेल.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकात सापडतं. आता तेच फंक्शन आपल्या मराठी यादीवर चालवू.

‘सोयगाव’ म्हणजे १८ बाइट

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही. मोठा ‘स’ आणि छोटा ‘स’ असं काही नसतं. म्हणून आपल्याला वाटतं, फंक्शन मराठी नावावर चाललं तरी काय बिघडणार? बदलण्यासारखं काही नाहीच.

पण सी ला ‘सोयगाव’ हा शब्द दिसत नाही. आज बहुतेक फायली यूटीएफ-८ मध्ये असतात आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘सोयगाव’ मध्ये चिन्हं सहा: स, ओकार, य, ग, काना, व. म्हणजे १८ बाइट. स्ट्रिंगची लांबी सांगणारं ‘स्ट्रलेन’ फंक्शन १८ सांगतं, आणि शेवटचं शून्य धरून ॲरे किमान १९ चा लागतो. गावाच्या नावाला २० अक्षरं पुरतील असा हिशेब धरून ॲरे केलात, तर ‘सावळदबारा’ या एकाच नावाला २७ बाइट आणि वर एक शून्य लागतं. मावणार नाही.

ते १८ बाइट असे:

स: २२४, १६४, १८४
ओकार: २२४, १६५, १३९
य: २२४, १६४, १७५
ग: २२४, १६४, १५१
काना: २२४, १६४, १९०
व: २२४, १६४, १८१

सगळे आकडे १२७ च्या वर. ही यूटीएफ-८ ची मुद्दाम केलेली रचना आहे, देवनागरी चिन्हाचा कुठलाही बाइट ए ते झेडच्या घरात पडत नाही. त्यामुळे ‘असेल तर’ ची अट नीट लिहिलेली असेल तर मराठी मजकूर सुरक्षित राहतो.

आता ती अट गाळा. ‘यादीत नुसती नावंच आहेत, तपासायचं कशाला?’ असं म्हणून प्रत्येक बाइटवर ३२ बरोबर ‘ऑर’ चालवा. २२४ मध्ये बत्तिसाचा बिट आधीच चालू आहे, तो बदलत नाही. १६४ आणि १६५ सुद्धा बदलत नाहीत. तिसरा बाइट मात्र कधी बदलतो, कधी नाही. ओकारातला १३९ होतो १७१. आणि २२४, १६५, १७१ हे काय आहे? मराठी अंक ५. ‘ग’ मधला १५१ होतो १८३, आणि २२४, १६४, १८३ म्हणजे ‘ष’.

‘सोयगाव’चं झालं ‘स५यषाव’.

हे कागदावर करून बघा, यंत्र लागत नाही. आणि मग जिल्ह्यातले इतर तालुके घ्या. ‘पैठण’ होतं ‘प२ठण’. ‘सिल्लोड’ होतं ‘सिल७ल५ड’. ‘कन्नड’ होतं ‘वन७नड’. अजिंठा लेण्यांना जाणारे पर्यटक जिथे उतरतात ते ‘फर्दापूर’ होतं ‘फर७दापॢर’.

नियम सोपा आहे. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ‘ठ’ पासून ‘ह’ पर्यंतची व्यंजनं, तसंच काना आणि पहिली वेलांटी, यांच्यात तो बिट आधीच चालू आहे. ती तशीच राहतात. स्वर, ‘क’ ते ‘ट’ ही व्यंजनं, अनुस्वार, आणि दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त वगैरे चिन्हं ३२ घरं पुढे सरकतात.

आता ‘सावळदबारा’ घ्या. हे गाव सोयगाव तालुक्यातलंच. स, व, ळ, द, ब, र आणि काना. एकही चिन्ह सरकत नाही! २७ च्या २७ बाइट जसेच्या तसे. म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम लिहिलात, चाचणीसाठी हे एकच नाव दिलंत, उत्तर बरोबर आलं आणि निर्धास्त झालात, तर पुढची गावं बिघडत राहतील आणि कळणारही नाही. ‘एका उदाहरणावर चालवून पाहिलं’ ही चाचणी नव्हे, असं आपण ऐकतो. का नव्हे, ते इथे दिसतं.

ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

हीच गंमत उलट्या बाजूने करा. कॅपिटल करण्यासाठी २२३ बरोबर ‘अँड’ चालवा, अटीविना. ‘स’ चे २२४, १६४, १८४ होतात १९२, १३२, १५२. आता १९२ हा बाइट योग्य यूटीएफ-८ मध्ये कुठेच येत नाही. फाइल उघडली की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, पायथनमध्ये वाचायला घेतली तर तो सरळ नकार देतो. काम अडतं, आपण वैतागतो, पण चूक सापडते.

‘ऑर’ ची चूक तशी नाही. ‘स५यषाव’ ही यूटीएफ-८ च्या दृष्टीने निर्दोष स्ट्रिंग आहे. कुठलाही प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. चारशे ओळींच्या फायलीत ती कुठे तरी मध्ये बसलेली असेल.

याहून वाईट म्हणजे, या सरकण्यामुळे दोन वेगळे शब्द एक होऊ शकतात. ‘क’ सरकून ‘व’ होतो आणि मूळचा ‘व’ तसाच राहतो. म्हणजे ‘काडी’ आणि ‘वाडी’ या दोन्हींचं एकच रूप तयार होतं. गावांच्या यादीत असं झालं तर एका गावाचा पाऊस दुसऱ्या गावाच्या पिकाला जोडला जाईल. ओळ गळाली तर निदान संख्या कमी दिसते. चुकीची जोडली गेली तर संख्याही बरोबर दिसते.

संशोधनात चुकांची भीती बाळगायची ती या दुसऱ्या जातीच्या चुकांची.

‘अनसाइन्ड’ कशासाठी

आता तिसऱ्या पायरीकडे. ‘कॅर’ हा प्रकार ऋण आकडे धरणारा की न धरणारा, हे सी च्या प्रमाणाने बांधणाऱ्यावर सोडलंय. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी लॅपटॉपवर तो बहुधा ऋण धरणारा असतो. लिनक्सवरच्या एआरएम यंत्रांवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय वर, तो बहुधा न धरणारा असतो. म्हणजे तोच बाइट, २२४, एका यंत्रावर २२४ वाचला जातो आणि दुसऱ्यावर उणे ३२.

‘टूलोअर’ आणि ‘टूअप्पर’ यांची अट अशी की दिलेली किंमत ‘अनसाइन्ड कॅर’च्या मर्यादेत असावी किंवा फाइल संपल्याची खूण असावी. उणे ३२ यात बसत नाही. आत बऱ्याचदा एक तक्ता असतो आणि दिलेला आकडा हा त्यातला घर क्रमांक असतो. उणे ३२ वं घर म्हणजे तक्त्याच्या दाराबाहेर. काही लायब्ऱ्यांनी सावधगिरी म्हणून दाराबाहेरही थोडी जागा राखून ठेवलीय, म्हणून प्रोग्रॅम पडत नाही. पण हे त्यांचं सौजन्य, आपला हक्क नव्हे. इंग्रजी यादीवर ही बाब कधीच जाणवत नाही, कारण तिथे सगळे आकडे १२७ च्या आत. पहिलं मराठी नाव आलं की जाणवते. म्हणून आधी ‘अनसाइन्ड कॅर’ मध्ये बदलायचं, मग फंक्शनला द्यायचं. चार शब्द जास्त टाइप करावे लागतात, इतकंच.

आणखी एक घटक आहे, लोकॅल. ‘टूअप्पर’ काय बदलेल हे चालू लोकॅलवर ठरतं. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा ‘सी’ नावाचं लोकॅल असतं आणि त्यात फक्त ए ते झेड बदलतात. पण ‘सेटलोकॅल’ वापरून पश्चिम युरोपचं लॅटिन-१ लोकॅल लावलंत, तर २२४ म्हणजे त्यांचं स्मॉल ए, डोक्यावर उलटा आघात असलेलं. ‘टूअप्पर’ त्याचं कॅपिटल करून १९२ देतं आणि आपल्या प्रत्येक मराठी चिन्हाचा पहिलाच बाइट मोडतो. फंक्शनची चूक नाही. मराठी बाइट आपण फ्रेंच अक्षरं म्हणून त्याच्या हाती दिले.

केस ही भाषेवर ठरणारी गोष्ट आहे, हे तुर्की भाषेत सगळ्यात ठळक दिसतं. तिथे स्मॉल आय दोन आहेत, टिंबवाला आणि बिनटिंबाचा. टिंबवाल्याचं कॅपिटलही टिंबवालं असतं. म्हणजे ‘आयचं कॅपिटल काय?’ या प्रश्नाला जगभर एक उत्तर नाही. जर्मनमध्ये एक अक्षर असं आहे की शब्द कॅपिटल करताना रूढ रीतीने त्याची दोन अक्षरं होतात. एक घर घेऊन एक घर परत देणाऱ्या ‘टूअप्पर’ला हे जमणं शक्यच नाही.

मग मराठी नावांचं काय करायचं?

देवनागरीत केस नाही, म्हणून मराठी याद्या आपोआप जुळतील असं नाही. केसचं काम आपल्याकडे दुसरी भानगड करते: एकच दिसणारा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असतो.

‘ॲ’ हे अक्षर घ्या. कोणी ते एकाच चिन्हाने टाइप करतं, कोणी ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन चिन्हांनी. कागदावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ सुद्धा दोन मार्गांनी येतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापून बघितलंत तर भिंगातून पाहूनही फरक कळणार नाही. सी मात्र सांगेल, वेगळे आहेत.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोडचं नॉर्मलायझेशन, अधिक तुमचे स्वतःचे थोडे नियम. नॉर्मलायझेशन सगळं करत नाही. स्वतंत्र ‘ऱ’ आणि नुक्ता लावलेला ‘र’ यांना ते एक करतं, पण अदृश्य जोडचिन्हवालं रूप ‘ऱ’ मध्ये बदलत नाही. तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो. सी च्या प्रमाण लायब्ररीत नॉर्मलायझेशन नाही. त्यासाठी आयसीयू नावाची मुक्त लायब्ररी आहे.

साधी शिस्त अशी ठेवा. केस बदलणारं फंक्शन फक्त इंग्रजी स्तंभावर चालवा. नॉर्मलायझेशन फक्त मराठी स्तंभावर. एकाच स्तंभात दोन्ही लिप्या मिसळल्या असतील तर ‘असेल तर’ ची अट पक्की ठेवा, म्हणजे मराठी बाइटांना हात लागणार नाही.

केस बदलून जे सुटत नाही

आता सोयगावकडे परत या, यावेळी इंग्रजी स्तंभात. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत तालुक्याचं स्पेलिंग आहे एस-ओ-ई-जी-ए-ओ-एन. आज सर्रास लिहिलं जातं ते एस-ओ-वाय-जी-ए-ओ-एन. दोन्ही स्मॉल करा, कॅपिटल करा, मधलं ई आणि वाय काही एक होणार नाहीत. केस बदलल्याने लिहिण्याची ढब एक होते, स्पेलिंग नाही.

‘अजिंठा’चंही तेच, इंग्रजीत दोन स्पेलिंगं प्रचलित आहेत. शिवाय लेणी सोयगाव तालुक्यात आणि अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, हा गुंता वेगळाच. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुना तक्ता आणि नवा तक्ता यांच्यात हे नाव कुठल्याही फंक्शनने जुळणार नाही. आणि उलटंही होतं. सोयगाव नाशिक जिल्ह्यात मालेगावलाही आहे. तिथे नाव अक्षरन् अक्षर जुळतं आणि गाव भलतंच असतं.

म्हणून जिथे मिळेल तिथे नावावर जोडू नका, संकेतांकावर जोडा. जनगणनेत प्रत्येक गावाला संकेतांक आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही गावांना आणि तालुक्यांना संकेतांक दिलेले आहेत. नाव हे माणसाने वाचायला, संकेतांक यंत्राने जोडायला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक खास इशारा. काही स्तंभांत केस हीच माहिती असते. कॅपिटल सी, कॅपिटल ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कॅपिटल सी, स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट. पाण्याच्या नमुन्यांच्या तक्त्यावर ‘सगळं कॅपिटल करून घेऊ, स्वच्छ दिसेल’ म्हणून लूप चालवलात, तर कोबाल्टचा कार्बन मोनॉक्साइड होईल. एककांचंही तसंच. स्मॉल एम म्हणजे मिलि, कॅपिटल एम म्हणजे मेगा. दोन्हींत एक अब्ज पटींचा फरक.

कामाला बसण्याआधी

मूळ स्तंभ कधीही बदलू नका. शेजारी नवा स्तंभ करा आणि बदललेलं रूप त्यात ठेवा. उद्या शंका आली तर परत जायला वाट राहते.

बदलण्याआधी वेगवेगळी नावं किती होती आणि नंतर किती उरली, हे मोजा. संख्या कमी होणं अपेक्षित आहे, त्यासाठीच तर केस बदलली. पण कुठली नावं एक झाली, ती यादी डोळ्यांखालून घाला. वेगळी गावं एक झालेली असतील तर इथेच दिसतील.

जोडणीनंतर न जुळलेल्या ओळी वेगळ्या फायलीत काढा आणि वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण माहितीची खरी ओळख तिथेच होते.

चाचणीसाठी नावं मुद्दाम निवडा. एक पूर्ण कॅपिटल, एक मिश्र, एक मराठी ज्यात ‘क’ ते ‘ट’ मधलं व्यंजन आहे, एक ज्यात ओकार किंवा जोडाक्षर आहे, एक रिकामी स्ट्रिंग. ‘सावळदबारा’ ठेवा, पण ‘सोयगाव’ आणि ‘कन्नड’ यांच्या सोबत.

आणि प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात दोन वाक्यं लिहा: ‘इंग्रजी नावांची तुलना सर्व अक्षरे लहान करून केली आहे, मराठी नावांवर केस-बदल केलेला नाही. न जुळलेली नावे संकेतांकावरून हाताने तपासली आहेत.’ बाह्य परीक्षकाने ‘गावं कशी जुळवली?’ असं विचारलं, तर या दोन वाक्यांमागे उभं राहता येतं.

आज घरी एक करा. तुमच्या स्वतःच्या गावाचं नाव घ्या, त्याचे बाइट काढा, प्रत्येकावर ३२ बरोबर ‘ऑर’ करून काय होतं ते वहीत लिहा. नाव बदललं तर कुठलं चिन्ह सरकलं ते शोधा. नाही बदललं तर का नाही, तेही लिहा. मग अट घालून तोच लूप पुन्हा चालवा आणि गाव जागेवर राहतं का बघा.